बार कुठून झाला

नेसरी, ता. गडहिंग्लज
१४ ऑगस्ट २०२२

चि. राणी,

आशीर्वाद. तुझं पाकीट पोचलं. पोस्टमन फाटकातून हाका मारत होता म्हणे. मला कुठलं ऐकू येतंय! शेवटी आत येऊन काकीच्या हातात देऊन गेला. डावा कान पुरता गेलाय. उजव्यात भांड्यांचा आवाज येतो, माणसांचा येत न्हाई. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी मशीन दिलं, त्यातनं नुसती शिट्टी वाजती. ते मी फडताळात ठेवलंय. म्हणून म्हणतो, फोन करू नको. फोनवर तू बोलतीस ते काकी मला ओरडून सांगती आणि त्यात निम्मं आपल्या मनाचं घालती. पत्र लिही. पलटणीत असताना अठरा वर्षं पत्रावरच संसार केला, त्यापेक्षा आता काय वेगळं हाय?

तुझा फोटो बघितला. डोंगर, धुकं, तू हिरव्या कोटात, खांद्यावर रायफल. काकी म्हणाली पोरगी वाळली. मी म्हटलं वाळली न्हाई, ताठ झालीय. एवढीशी होतीस तेव्हा मी तुझ्या हातात छर्ऱ्याची बंदूक दिली आणि भावकीनं मला शिव्या घातल्या. आज त्याच भावकीला सांगतो, स्कॉटलंडच्या जंगलात हरणांचा बंदोबस्त करायला सरकारमान्य माणूस कोण, तर आमची वर्षाराणी.

एक विचारायचं होतं. त्या रायफलीच्या तोंडाला ती जाडजूड नळी कसली लावलीयेस? दुर्बीण म्हणावं तर वर वेगळी दिसतीय.

इकडं डुकरांनी वात आणलाय. भुईमूग उकरून टाकला. मका तर अशी लोळवलीय की रोलर फिरवल्यागत वाटतं. मी रोज सांजचं शेतातल्या माळ्यावर राखणीला बसतो. माझी तीनशेपंधराची रायफल अजून चोख हाय. हात हलत न्हाई. कान गेले, डोळे शाबूत हायत.

तुझा,
तात्या

•

इनव्हरनेस
४ सप्टेंबर २०२२

ती. तात्या,

सा. न. तुमचं अक्षर अजून तसंच, कवायतीला उभं केल्यासारखं. पत्र दोनदा वाचलं.

ती नळी म्हणजे साउंड मॉडरेटर. बाराचा आवाज कमी करते. सिनेमात दाखवतात तसा आवाज पुरता जात नाही. गोळी हवेतून जाताना कडाका होतोच, पण नळीच्या तोंडाशी जो दणका बसतो, कान फाडणारा, तो ती गिळते. इथे आम्हां सगळ्यांना ती लावावीच लागते, कारण कंपनीला आमच्या कानांची जबाबदारी घ्यावी लागते. शिवाय खांद्याला धक्का कमी बसतो. आणखी एक गंमत आहे. ऐकणाऱ्याला बार कुठून झाला ते कळत नाही. कडाका ऐकू येतो, पण तो कधी समोरच्या डोंगरावरून आल्यासारखा वाटतो, कधी पाठीमागून. कळपातली बाकीची हरणं गोंधळून जागीच उभी राहतात.

तिची उस्तवार मात्र लहान बाळासारखी. काम संपलं की काढून ठेवायची. रायफलला तशीच लावून कपाटात ठेवली, तर आत साठलेली काजळी आणि ओल बॅरलचं तोंड आणि आटे खाऊन टाकते. उबदार जागी उभी करून सुकवायची, पुसायची, आट्यांना तेलाचं बोट लावायचं. परत लावताना सरळ आणि घट्ट बसली ना, हे दर वेळी हाताने बघायचं. माझ्या परवान्यावर तिचा नंबर आहे, रायफलीचा आहे तसाच. पोलीस घरी येऊन कपाट तपासून जातात.

तात्या, हे लिहिताना एक सारखं डोळ्यांसमोर येत होतं. बाबा गेले त्या वर्षी तुम्ही मला तुमच्या पलटणीतल्या मित्रांच्या नेमबाजीला नेलं होतं. मी आठ वर्षांची. ओळीने बार होत होते आणि तुम्ही माझ्यामागे उभे राहून दोन्ही तळव्यांनी माझे कान दाबून धरले होते. संपेपर्यंत. तुमचे कान उघडेच होते. तेव्हा मला ते कळलंही नव्हतं.

मी कानावर घालायचे मफ पाठवते आहे. उजव्या कानात जे उरलंय ते तरी राखा. आणि अंधुक उजेडात बार काढू नका. ऐकू येत नसताना तर नकोच.

तुमची,
राणी

•

नेसरी
९ ऑक्टोबर २०२२

चि. राणी,

मफ पोचले. घालून बसलो तर काकी हसून लोळायची बाकी राहिली. म्हणती, रेडिओ स्टेशनवर लागलाय काय नोकरीला? गमतीचा भाग सोड. जे गेलंय त्याला झाकून काय करू?

खरं काम त्या नळीचं हाय. तू लिहिलंस ते मी चार-पाचदा वाचलं. असली वस्तू इथं सगळ्यांत आधी मला पायजे. शेजारच्या कृष्णातला तू ओळखतीस, ओढ्याकडची पट्टी ज्याची हाय तो. लहानपणी तुला सायकलवरनं शाळेत सोडायचा. त्यानं अलीकडं माझ्या नावानं अर्ज करायचं काम धरलंय. म्हणं बारानं म्हशी बिथरत्यात, दूध चोरत्यात. म्हणं तात्याला ऐकू येत न्हाई, त्याच्या हातात बंदूक म्हणजे आमच्या जिवाला घोर. माझ्या मांडीवर जेवलेलं पोरगं मला बंदूक शिकवायला लागलंय!

बार झाला की सगळ्या शिवाराला कळतं तात्यानं मारला. मग दुसऱ्या दिवशी चावडीत चर्चा. तुझी ती नळी असली तर ना म्हशी बिथरणार, ना कृष्णात. एक जुनी असंल तर पाठवून दे. आख्खी पाठवू नको, दोन तुकडे करून दोन पाकिटांत पाठव. लोखंडाचं नळकांडं म्हणून लिही. कोण उघडून बघतंय?

आजवर तुझ्याकडं काय मागितलं न्हाई. हे मागतोय.

तात्या

•

इनव्हरनेस
२ नोव्हेंबर २०२२

ती. तात्या,

नाही. आधी नाही म्हणते, मग बाकीचं लिहिते, म्हणजे तुम्ही मधल्या वाक्यांत आशा शोधणार नाही.

इथे ती माझ्या परवान्यावर आहे. ती मी कुणाला दिली तर माझा परवाना जाईल, नोकरी जाईल आणि नोकरीवरच माझा व्हिसा आहे. तिकडे तर ती बाळगणंच गुन्हा आहे, तुम्हाला पलटणीतल्या माणसाला हे मी सांगायला नको. तुरुंग आहे त्यात. पाकिटात तुकडे करून पाठव, हे तुम्ही लिहिलंत? मी कुठेही गेले तरी नियमाने वागावं म्हणून मला उन्हात उभं करणारे तुम्ही?

आणि कृष्णातदादा चुकीचं काय म्हणतोय? बार झाला की शिवाराला कळतं, हे चांगलंच आहे. लोक बांधावर थांबतात. मी इथे कुठल्या डोंगरावर आहे हे रोज सकाळी कळवावं लागतं, वाटांवर पाट्या लावाव्या लागतात, मगच ती नळी. नेसरीच्या शिवारात कोण पाट्या लावणार?

एक विचारते. राग मानू नका. तुमच्या परवान्याचं नूतनीकरण या वर्षी होतं ना? झालं का?

तुमची,
राणी

•

नेसरी
६ डिसेंबर २०२२

चि. राणी,

पत्र मिळालं. मिळालं म्हणून कळवतो. नको पाठवू. मागितलं हे माझं चुकलं. बाहेरच्या देशात माणसाचं माणूसपण बदलतं असं ऐकून होतो.

इकडं सोय झालीय. डुकरांचा त्रास आता पुष्कळ कमी हाय. गुऱ्हाळं लागली. काकीचा गुडघा दुखतोय.

एक बारीकसं विचारायचं होतं. तू लिहिलंवतंस की आट्यांवर ओल बसती. समजा तांबूस डाग धरला तर घासायचा का नुसतं तेल? आणि आत खुळखुळल्यागत वाटलं तर?

तात्या

•

इनव्हरनेस
२९ डिसेंबर २०२२

ती. तात्या,

कसली सोय? हे एका ओळीत लिहा. तुमच्या पत्राचा अर्थ मी लावते आहे तो चुकीचा असू दे असं वाटतंय. परवान्याचं मी विचारलं त्याचं उत्तर नाही आलं.

डाग वरवरचा असेल तर मऊ कापड आणि तेल. खोल असेल तर वस्तू बाद. आत खुळखुळत असेल तर ती पुन्हा लावायचीच नाही, एकदाही नाही. आतली वस्तू सरकली की गोळी तिला घासून भलतीकडे जाते. इथे अशी नळी आम्ही पोलिसांत जमा करतो.

हे मी तुम्हाला का सांगते आहे, मला कळत नाही. तुम्ही मला काही विचारावं आणि मला ते येत असावं, याचं अजून अप्रूप वाटतं म्हणून असेल. पण तात्या, जर गावात कुणाकडे असलं काही असेल, तर ते विहिरीत टाकायला सांगा.

राणी

•

नेसरी
१९ फेब्रुवारी २०२३

राणीस,

काकीचा आशीर्वाद. माझं अक्षर तुला लागंल तसं वाच. सातवीनंतर एवढं मोठं पयल्यांदाच लिवतीया.

कृष्णात गेला. दोन तारखेला, दिवस मावळताना. ह्यांच्या गोळीनं.

तुला फोन केला न्हाई कारण काय सांगू ते सुचलं न्हाई. आन पोलीस घरातच व्हते. तुझी समदी पत्रं त्यांनी नेली. ट्रंकेत व्हती ती, हळदीकुंकवाच्या डब्याखाली. एक एक मोजून पिशवीत घातली.

आता तुला खरं सांगती. ह्यांचा परवाना मागल्या जूनमदीच बाद झालाय. डॉक्टरनं लिवून दिलं की ऐकू येत न्हाई, बंदूक देऊ नये. जमा करा म्हणून कागद आलता. ह्यांनी अपील केलं, तारखा घेतल्या आन मला म्हणालं गप बस. बंदूक भुशाच्या खोलीत व्हती. मी गप बसलो. तुला सारखं लिवत व्हतं ना, माळ्यावर बसतो, माळ्यावर बसतो? ते समदं परवान्याबिगर, चोरून व्हतं. म्हणून ती नळी पायजे व्हती. म्हशीचं निमित्त.

त्या दिवशी मोटारीची लाईट सांजची व्हती. कृष्णात उसाला पाणी पाजत व्हता. पयला बार झाला त्यो डुकराला लागला न्हाई. ह्यांचा बार म्हंजे आख्ख्या शिवाराला ठावं, माळ्याकडनं येतो. माणसं जागच्या जागी बसत्यात. पर त्या दिवशी त्यो आवाज डोंगराकडनं आल्यागत झाला. कृष्णातला वाटलं असंल, डोंगराच्या बाजूनं कुणी शिकारी आलाय. त्यो डोंगराकडनं लांब, म्हंजे माळ्याकडं पळत सुटला. त्याची बायको संयोगिता खळ्यावर व्हती. तिनं ऐकलं, त्यो वरडत व्हता, "तात्या, मी हाय! तात्या, मी हाय!" तीनदा. तिला वाटलं ह्यांना कायतरी सांगाय पळतोय, म्हणून ती जागची हालली न्हाई. समद्या शिवारानं ऐकलं, राणी. ज्यानं ऐकायचं त्यानं न्हाई ऐकलं. ऊस हलला म्हणून दुसरा बार काढला.

दोन पोरी हायत त्याला. संयोगिता आमच्या दारात येऊन उभी ऱ्हायली. रडली न्हाई. म्हणाली, "काकी, तुमाला ठावं व्हतं काय, परवाना बाद झालाय तरी बंदूक घरात हाय?" मी मान खाली घातली.

ते गडहिंग्लजला कोठडीत हायत. तू फोन करू नगं. मला बोलाय यायचं न्हाई.

काकी

•

इनव्हरनेस
२६ मार्च २०२३

ती. काकी,

तुमचं पत्र आल्यावर मी चार दिवस कामावर गेले नाही. कृष्णातदादाच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळलेला असायचा, मला टोचू नये म्हणून. दुसरं काही आठवेना.

मग इथले पोलीस आले. दोघे होते, सभ्य. त्यांनी माझं कपाट उघडलं, रायफल नेली, मॉडरेटर नेला, काडतुसं मोजून नेली. मग त्यांनी एक कागद वाचून दाखवला. तिकडच्या जबाबाचं भाषांतर. तात्यांनी सांगितलंय, ती नळी पुतणीने स्कॉटलंडहून दोन पाकिटांत पाठवली. कशी लावायची, कशी पुसायची हे पत्रातून शिकवलं. पुरावा म्हणून माझीच पत्रं.

दोन नोव्हेंबरच्या पत्रात पहिलाच शब्द 'नाही' आहे, काकी. ते पत्र त्यांनी वाचलं नाही का? की ते ट्रंकेत नव्हतंच? इथल्या माणसाने मला विचारलं, "तुम्ही पाठवली नाहीत, तर डिसेंबरात गंज कसा काढायचा हे का लिहिलंत?" त्याला मी काय सांगू? मला संशय आला होता, तरी उत्तर दिलं, कारण विचारणारे तात्या होते.

माझ्याकडे एकच मॉडरेटर होता आणि तो नंबरासकट कपाटात सापडला, एवढं त्यांनी लिहून घेतलं, तात्यांचं 'नको पाठवू' लिहिलेलं पत्रही नेलं. पण चौकशी संपेपर्यंत परवाना नाही. परवाना नाही म्हणून नोकरी नाही. जूनपर्यंत दुसरं काम मिळालं नाही तर देश सोडावा लागेल.

मला एवढंच सांगा. ती नळी कुणी बनवली? काकी, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बंदुकीबद्दल गप्प बसलात. आता यातही बसू नका.

राणी

•

नेसरी
४ जून २०२३

चि. राणी,

काकीला पत्रं लिहून त्रास देऊ नको. ती उत्तर देणार न्हाई. मी देतो. परवा जामीन झाला. वकील म्हणाले कुणाला अवाक्षर लिहू नका. हे वाचून झालं की फाडून टाक.

नळी बाळासोनं केली. काकीचा सख्खा भाऊ, कोल्हापुरात लेथ चालवतो तो. त्याला मी तुझा फोटो दाखवला. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, बहिणीचा संसार डुकरं खायला लागलीत आणि तू नको म्हणतोस? दोन रविवार घेतले त्यानं. चांगली झाली न्हवती. पयल्या महिन्यातच खुळखुळायला लागली.

त्याचं नाव सांगितलं असतं तर काकीचं माहेर तुटलं असतं. त्याच्या घरात कमावणारा तो एकटा. तू लांब हायस. समुद्रापलीकडं. मला वाटलं तुला कोण धरणार, कागद तिकडं पोचेपर्यंत मी मेलेला असेन. तुझं नोव्हेंबरचं पत्र मी आधीच चुलीत घातलं होतं, डिसेंबरात, रागात. ते त्यासाठी न्हवतं जाळलं. पण जळालं होतं हे मात्र उपयोगाला आलं. नोकरी जाईल हे माझ्या ध्यानात आलं न्हाई असं लिहीत न्हाई. आलं होतं. तुला दुसरी मिळंल असं म्हटलं.

आता जे सांगतो ते वकिलालाबी सांगितलेलं न्हाई. काकीला न्हाई.

जबाबात मी म्हटलंय, बार लागला तसा मी धावत रस्त्याला गेलो आणि गाडी थांबवली. तसं न्हाई. माळ्यावरनं उतरून उसात गेलो तर कृष्णात पडलेला. मांडीला लागली होती. जिवंत होता. डोळे उघडे. माझ्याकडं बघून तोंड हलवत होता. कायतरी म्हणत होता, बराच वेळ म्हणत होता. मला एक अक्षर ऐकू आलं न्हाई. मी खाली वाकलो, त्याच्या तोंडाशी उजवा कान नेला. नुसता वारा लागला.

मग मी उठलो आणि नळी काढाय लागलो. तापलेली होती, तळहात भाजला. आटे अडकलेले. धोतराचं टोक धरून पिरगाळली. मग विहिरीकडं गेलो. विहीर तुला ठाऊक हाय, पार वरच्या कोपऱ्यात. तिथं टाकली. रायफल भुशाच्या खोलीत नेऊन ठेवली. मग परत आलो. वीस मिनिटं. जास्तीबी असतील. तोपर्यंत तो बोलायचा थांबला होता. मग रस्त्याला गेलो.

डॉक्टरनं लिहिलंय रक्त गेल्यानं मेला. पट्टा जरी आवळून बांधला असता, तर. हे मला पलटणीत शिकवलंय. मी दुसऱ्यांना शिकवलंय.

पोलिसांनी बॅरलचे नवे आटे बघून नळी शोधली, विहीर उपसली. पण ती मी कधी टाकली हे कुणी विचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी टाकली असं धरून चाललेत.

संयोगिता समोरनं जाती तेव्हा मी आत जातो. मला वाटतं तिला सांगावं. मग वाटतं, सांगून तो परत येणार हाय का? तिला निदान एवढं समाधान असू दे की लगेच धावपळ झाली.

तू मला शिव्या दे, लिहून दे, पण पत्र लिही. मला आता लिहिलेलंच ऐकू येतं.

तात्या

•

ग्लासगो
२ जुलै २०२३

तात्या,

मी आता इथे आले आहे. एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, भरवते. व्हिसा त्यांनी दिला. रायफल मला आयुष्यात परत मिळणार नाही, असं इथल्या अधिकाऱ्याने सरळ सांगितलं. आरोप काढून टाकला, पण 'संशय असताना माहिती दिली' असा शेरा राहणार. तो शेरा खरा आहे. मी त्यावर अपील केलं नाही.

तुमचं पत्र मी फाडलं नाही.

ते मी दहा दिवस पिशवीत घेऊन फिरले. पहिल्यांदा वाटलं, फाडावं. तुम्ही मला वाढवलंत. तुम्ही माझे कान झाकलेत आणि स्वतःचे उघडे ठेवलेत, हे मी विसरले नाही आणि विसरणार नाही. त्यामुळेच दहा दिवस लागले. एरवी एक पुरला असता.

तुम्ही लिहिलंत, तिला समाधान असू दे. तुम्ही तिला समाधान देत नाही आहात, तात्या. तुम्ही तिच्यापासून वीस मिनिटं लपवून ठेवली आहेत. ती तिची आहेत. तिच्या नवऱ्याची शेवटची. तो काहीतरी म्हणत होता, हे तिला माहीत असायला हवं, काय म्हणत होता हे कुणालाच कधी कळणार नसलं तरी.

आणि मी दूर आहे म्हणून माझं नाव घ्यायचं, बाळासोमामा जवळचा म्हणून त्याचं झाकायचं, आता कृष्णातदादा तर सगळ्यांत दूर गेला, म्हणून त्याचं काहीही चालेल. तुमचं माप मला कळलं.

तुमचं मूळ पत्र मी संयोगितावहिनीला रजिस्टरने पाठवलं आहे. सोबत चार ओळी लिहिल्या, की हे त्यांच्या हातचं आहे, मी वर्षाराणी, अक्षर ओळखते. पोलिसांत द्यायचं की चुलीत घालायचं, हे वहिनीने ठरवावं. मी प्रत ठेवलेली नाही.

यापुढे मला पत्र पाठवू नका.

वर्षाराणी

•

नेसरी
२० ऑगस्ट २०२३

राणी,

त्यांना पत्र पाठवू नगं म्हणून लिवलंस. मला न्हाई लिवलंस, म्हणून लिवती.

संयोगितानं ते कागद चावडीत आणून वाचलं. स्वता न्हाई, तलाठ्याच्या हातात दिलं आन म्हणाली मोठ्यानं वाचा. समदा गाव उभा. हे आपले घरात कपाटाला टेकून बसलेले. बाहेर काय वाचत्यात ते ह्यांना ऐकू कुठलं येणार? मला दारातनं एक एक शबुद ऐकू आला.

जामीन रद्द झाला. ह्या वेळी न्यायला आले तवा हे तयारच व्हते, कापडं घालून. जाताना मला विचारलं, "राणीनं पाठवलं?" मी व्हय म्हणून मान हलवली. म्हणालं, "बरं केलं." त्यांच्या तोंडाकडं बघून मला कळलं न्हाई की खरं म्हणत्यात का टोमणा मारत्यात. चाळीस वर्सं संसार करून कळलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी बाळासोला नेलं. लेथला कुलूप. वहिनी इथं आली, माझ्या अंगणात बसून छाती बडवून गेली. माहेरची वाट बंद झाली मला. ज्यासाठनं तुझं नाव घेतलं, ते बी गेलंच.

संयोगिताकडं मी गेलतो. आपणहून. तिनं आत घेतलं न्हाई, पर दार बी लावलं न्हाई. उंबऱ्याशी पाणी दिलं. मी म्हटलं, मला ठावं व्हतं, परवाना न्हाई आन बंदूक घरात हाय. ती म्हणाली, "ते मला त्याच दिवशी कळलंवतं. तुमी सांगाय सा महिने लावलं." मी पाणी पिऊन परत आलो.

तू केलंस ते बरुबर केलंस. हे मी कुणाच्या सांगण्यावरनं लिवत न्हाई. माझ्या हातनं जे झालं न्हाई ते तू केलंस. पर मी तुला पोरीगत वाढवलं, तर खोटं कशापाई बोलू? तुझं नाव कुणी काढलं की माझ्या डोळ्यांम्होरं भावाच्या लेथचं कुलूप येतं, ह्यांची रिकामी बाज येती. तू दारात आलीस तर मला तुला जवळ घेता यायचं न्हाई आन तुला बाहेर बी ठेवता यायचं न्हाई.

तवा तू चुकली न्हाईस. पर इकडं येऊ नगं.

काकी